‘स्टँड बाय’ : पाठीशी उभे राहणे की नुसतेच उभे राहणे?

परदेशी गिऱ्हाइकाचे पत्र आले की आपल्याकडील पुष्कळ कारखान्यांत एकच रीत असते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हाक मारायची, पत्र त्याच्या हातात द्यायचे आणि ‘काय म्हणतो बघ’ असे सांगायचे. पूर्वी पत्र टपालाने यायचे, आता फोनवर येते. रीत तीच आहे. मुलगा वाचतो, मतितार्थ सांगतो आणि त्या मतितार्थावर लाकूड, कातडे, सूत, जर यांची खरेदी सुरू होते. शाळेच्या पेपरात अर्थ चुकला तर दोन गुण जातात. कारखान्यात अर्थ चुकला तर तयार माल पडून राहतो.

अशी चूक हमखास घडवणारी एक इंग्रजी शब्दजोडी आजच्या पाठासाठी घेतली आहे. ती म्हणजे ‘स्टँड बाय’. शब्द दोन्ही सोपे आहेत. ‘स्टँड’ म्हणजे उभे राहणे हे एस.टी. स्टँडमुळे सर्वांना ठाऊक आहे. ‘बाय’ हा शब्द तर व्यापाऱ्याच्या तोंडी रोजचाच. पण दोन्ही एकत्र आले की त्यांचे चार अर्थ होतात आणि त्यातील दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

एकच पत्र, चार वाक्ये

समजा, मिरजेतील एका तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिराने लंडनच्या एका दुकानदाराला पंचवीस तानपुऱ्यांचा भाव कळवला. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यात ही चार वाक्ये होती :

१) ‘वुई हॅव ऑलवेज स्टूड बाय अवर स्मॉल सप्लायर्स.’

२) ‘वुई ट्रस्ट यू विल स्टँड बाय युवर कोटेशन.’

३) ‘प्लीज स्टँड बाय फॉर अवर फायनल ऑर्डर.’

४) ‘वुई कॅनॉट सिम्पली स्टँड बाय इफ अवर कस्टमर्स रिसीव्ह क्रॅक्ड इन्स्ट्रुमेंट्स.’

पुतण्याने डिक्शनरी उघडली. ‘स्टँड बाय’ म्हणजे ‘पाठिंबा देणे’ असा पहिलाच अर्थ सापडला. तो खुशीत म्हणाला, ‘‘चाचा, माणूस फार भला दिसतो. चार-चार ठिकाणी लिहिलंय की आम्ही पाठीशी उभे आहोत.’’

चाचा म्हणाले, ‘‘मग उशीर कशाला करायचा? पंढरपूरकडच्या व्यापाऱ्याला भोपळे सांगून टाक. तुणाचं लाकूडही उचलू या.’’

काम सुरू झाले. दोन महिन्यांनी अंतिम ऑर्डर आली, ती दहा तानपुऱ्यांची. उरलेले पंधरा खुंटीला लटकले. बँकेचे व्याज मात्र पंचवीसांवर चालू राहिले.

आता पत्र पुन्हा वाचा. दुकानदाराने कोठेही फसवले नव्हते. त्याने तिसऱ्या वाक्यात स्वच्छ लिहिले होते, ‘आमच्या अंतिम ऑर्डरची वाट पाहा.’ ज्या शब्दांत ‘थांबा’ असे सांगितले होते, त्याच शब्दांत चाचांनी ‘आम्ही आहोत, पुढे व्हा’ असे ऐकले. हे उदाहरण कल्पनेतील आहे, पण अशी ठेच कोणालाही लागू शकते.

शब्दाची फोड

इंग्रजीत ‘बाय’ असा उच्चार होणारे तीन शब्द आहेत. बी-यू-वाय म्हणजे विकत घेणे. बी-वाय-ई म्हणजे निरोप घेताना म्हणतात ते. आणि नुसते बी-वाय म्हणजे ‘कडून’, ‘पर्यंत’, ‘ने’. याच बी-वायचा एक जुना अर्थ आहे ‘शेजारी’, ‘जवळ’. नदीकाठच्या घराला ‘अ हाउस बाय द रिव्हर’ म्हणतात, तो हा अर्थ. आपल्या शब्दजोडीत हाच ‘बाय’ आहे.

म्हणजे ‘स्टँड बाय’चा मुळातला अर्थ ‘शेजारी उभे राहणे’. आता विचार करा. माणूस शेजारी उभा असतो तो कशासाठी? संकटात साथ देण्यासाठी उभा असेल. आपल्या शब्दाच्या जागेवरून न हलता उभा असेल. हाक मारताच धावता यावे म्हणून तयारीने उभा असेल. किंवा भांडण पाहणाऱ्या गर्दीसारखा नुसताच बघत उभा असेल. चारही अर्थ याच एका चित्रातून निघाले आहेत. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

पहिला अर्थ : अडचणीत साथ देणे

‘स्टँड बाय’च्या पुढे माणसाचे, फर्मचे किंवा ‘मी, आम्ही, त्याला’ असे नाव आले, तर अर्थ होतो कठीण काळात पाठीशी उभे राहणे, साथ न सोडणे.

‘अवर ओल्ड कस्टमर्स स्टूड बाय अस आफ्टर द फायर.’ – आग लागल्यानंतर आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी आम्हाला साथ दिली.

‘अ गुड पार्टनर स्टँड्स बाय यू इन अ बॅड सीझन.’ – चांगला भागीदार मंदीच्या हंगामातही साथ सोडत नाही.

यात अडचणीचा भाव गृहीत असतो. सर्व सुरळीत चालू असताना कोणी नेहमीची मदत केली, तर इंग्रज माणूस ‘हेल्प’ म्हणेल, ‘स्टँड बाय’ म्हणणार नाही. पेटी उचलायला हात लावला त्याला ‘ही स्टूड बाय मी’ म्हटले तर ऐकणारा हसेल.

दुसरा अर्थ : शब्दावर, भावावर कायम राहणे

पुढे माणसाऐवजी शब्द, वचन, भाव, निर्णय असे काही आले, तर अर्थ होतो त्यावर कायम राहणे. बोलीत आपण ‘जबानचा पक्का’ म्हणतो, तेच.

‘वुई स्टँड बाय अवर प्राइस.’ – आम्ही आमच्या भावावर कायम आहोत.

‘ही डिड नॉट स्टँड बाय हिज वर्ड.’ – तो आपल्या शब्दाला जागला नाही.

व्यापारी पत्रात सर्वांत जास्त हाच अर्थ येतो, आणि येथे मुदतीचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ‘वुई विल स्टँड बाय धिस प्राइस’ एवढेच लिहिले आणि तारीख घातली नाही, तर गिऱ्हाईक सहा महिन्यांनी येऊन तोच भाव मागेल. दरम्यान लाकूड महागले असेल, वाहतूक महागली असेल. तुम्ही नाही म्हणालात तर तो म्हणेल, ‘यू डिड नॉट स्टँड बाय युवर प्राइस.’

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ प्रमाणे, समोरच्याची स्वीकृती त्याने रवाना करून तुमच्याविरुद्ध पक्की होण्यापूर्वी तुम्हाला प्रस्ताव मागे घेता येतो. मुदतीपर्यंत भाव उघडा ठेवण्याबद्दल वेगळा मोबदला घेतलेला नसेल, तर मुदत संपण्यापूर्वीही तो मागे घेता येतो. पण सर्व देशांत असे नाही. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसंबंधी १९८० साली व्हिएन्ना येथे एक करारनामा झाला आणि तो १९८८ पासून अमलात आहे. अमेरिका, जर्मनी, फ्रान्स त्यात आहेत. भारत त्यात सामील झालेला नाही. त्याच्या कलम १६ नुसार, प्रस्तावात मुदत देऊन किंवा अन्य रीतीने ‘हा मागे घेतला जाणार नाही’ असे सुचवले असेल, तर तो मागे घेता येत नाही. तुमच्या सौद्याला त्या देशाचा कायदा लागू झाला, तर दिलेला शब्द तुम्हाला धरून ठेवील. म्हणून तारीख घाला, आणि जितके दिवस खरोखर झेपेल तितक्याच दिवसांची घाला.

तिसरा अर्थ : सज्ज राहणे, हुकमाची वाट पाहणे

आता पुढे माणूसही नाही आणि वस्तूही नाही. वाक्य तेथेच थांबते, किंवा पुढे ‘फॉर’ येते. येथे पाठिंब्याचा काही संबंध नाही. अर्थ आहे : तयारीत राहा, पण अजून हलू नका.

‘द टेम्पो इज स्टँडिंग बाय.’ – टेम्पो तयार उभा आहे.

‘प्लीज स्टँड बाय फॉर शिपिंग इन्स्ट्रक्शन्स.’ – माल पाठवण्याच्या सूचना येईपर्यंत तयार राहून वाट पाहा.

लक्षात ठेवा, ‘स्टँड बाय’ म्हणजे ‘सुरू करा’ नव्हे. अशा वाक्यावर खरेदी करणे म्हणजे स्वतःच्या जोखमीवर खरेदी करणे. उत्तरात विचारावे : ‘शॅल वुई बिगिन वर्क, ऑर वेट फॉर युवर रिटन ऑर्डर?’ – काम सुरू करू की लेखी ऑर्डरची वाट पाहू? एका ओळीच्या या प्रश्नाने चाचांचे पंधरा तानपुरे वाचले असते.

चौथा अर्थ : नुसते बघत राहणे

येथेही पुढे कोणी नसते. पण वाक्यात ‘अँड वॉच’, ‘व्हाइल’, ‘आयडली’, ‘सिम्पली’ असे शब्द दिसतात. अर्थ आहे बघ्याची भूमिका घेणे, काही न करणे.

‘दे स्टूड बाय अँड वॉच्ड.’ – ते नुसते बघत उभे राहिले.

‘वुई विल नॉट स्टँड बाय व्हाइल अवर नेम इज मिसयूज्ड.’ – आमच्या नावाचा गैरवापर होत असताना आम्ही गप्प बसणार नाही.

वाटेतल्या बघ्याला इंग्रजीत ‘बायस्टँडर’ म्हणतात, तो शब्द याच दोन शब्दांचा बनला आहे. पत्रातील चौथे वाक्य आता उलगडेल. दुकानदार सांगत होता, ‘वाद्यांना तडे गेलेले निघाले तर आम्ही गप्प बसणार नाही.’ पुतण्याला जे आश्वासन वाटले, तो इशारा होता.

ओळखायची खूण

चार अर्थ ध्यानात ठेवण्यासाठी एकच प्रश्न पुरे आहे : ‘बाय’च्या पुढे कोण आहे?

पुढे माणूस असेल तर साथ. पुढे शब्द, भाव किंवा निर्णय असेल तर कायम राहणे. पुढे कोणीच नसेल तर पाठिंबा नाही. एकतर वाट पाहणे किंवा बघत बसणे. यातले कोणते, ते आजूबाजूच्या शब्दांवरून ठरते.

‘दे स्टूड बाय हिम’ आणि ‘दे स्टूड बाय’ या दोन वाक्यांत फक्त ‘हिम’चा फरक आहे. पहिल्यात त्यांनी त्याला साथ दिली. दुसऱ्यात त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडले, असाही अर्थ होऊ शकतो.

व्याकरणाच्या तीन गोष्टी

पहिली, ‘स्टँड’चा भूतकाळ ‘स्टूड’ होतो. ‘स्टँडेड’ असा शब्द इंग्रजीत नाही. ‘ही स्टँड्स बाय अस’, ‘ही स्टूड बाय अस’, ‘ही हॅज स्टूड बाय अस’, ‘ही विल स्टँड बाय अस’, ही चार रूपे पुरेशी आहेत.

दुसरी, ही जोडी मध्ये फोडायची नाही. ‘स्टँड मी बाय’ चूक. ‘स्टँड बाय मी’ बरोबर. ‘बॅक अप’ या दुसऱ्या जोडीत मात्र ‘बॅक मी अप’ असेच म्हणावे लागते. म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

तिसरी, दोन्ही शब्द जोडून ‘स्टँडबाय’ लिहिले की ते क्रियापद राहत नाही. त्याचा अर्थ ‘अडचणीसाठी राखून ठेवलेली वस्तू’ असा होतो. लाइट गेल्यावर चालू करायचा जनरेटर तो ‘स्टँडबाय जनरेटर’.

याच कुळातील इतर शब्द

‘स्टँड बिहाइंड’ : आपण केलेल्या मालाची जबाबदारी घेणे. मराठीत आपण माणसाच्या पाठीशी उभे राहतो. इंग्रज व्यापारी आपल्या मालाच्या पाठीशी उभा राहतो. ‘वुई स्टँड बिहाइंड अवर वर्क.’ – आमच्या कामाची जबाबदारी आमची.

‘बॅक अप’ : पुराव्याचा किंवा माणसांचा आधार देणे. ‘प्लीज बॅक अप युवर क्लेम विथ फोटोग्राफ्स.’ – तक्रारीला फोटोंचा आधार द्या.

‘बॅक आउट’ : याच्या उलट. ठरलेल्या सौद्यातून माघार घेणे.

‘स्टँड अप फॉर’ : कोणाची बाजू घेऊन बोलणे, हक्कासाठी उभे राहणे.

‘स्टँड इन फॉर’ : दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून काम पाहणे. यातही पाठिंबा नाही, फक्त बदली आहे.

बँकेतील ‘स्टँडबाय’

निर्यात करणाऱ्यांना लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एल.सी., ठाऊक असते. नेहमीच्या एल.सी.मध्ये तुम्ही माल चढवायचा, ठरलेली कागदपत्रे बँकेत द्यायची आणि बँकेने पैसे द्यायचे. म्हणजे काम पार पडले की पैसे मिळतात.

‘स्टँडबाय एल.सी.’ हा वेगळा प्रकार आहे. येथे बँक तिसऱ्या अर्थाने उभी असते : तयारीत, पण न हलता. गिऱ्हाइकाने तुमचे बिल परस्पर चुकते केले तर बँकेला काहीच करावे लागत नाही. त्याने ते चुकवले नाही तरच तुम्ही ठरलेला मागणीपत्राचा कागद बँकेत सादर करता आणि बँक पैसे देते. थोडक्यात, नेहमीची एल.सी. सौदा पूर्ण झाल्यावर चालते, स्टँडबाय सौदा मोडल्यावर चालते. हा प्रकार अमेरिकेत वाढला, कारण दुसऱ्याच्या कर्जाची सरळ हमी देण्यास तेथील बँकांना मज्जाव मानला जाई. बँकांनी हमीचे काम एल.सी.च्या रूपाने केले. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने स्टँडबायसाठी खास नियम प्रसिद्ध केले. ते ‘आय.एस.पी. ९८’ या नावाने ओळखले जातात आणि १ जानेवारी १९९९ पासून लागू आहेत.

उधारीवर माल पाठवणाऱ्याला हा चांगला आधार आहे. मात्र चार गोष्टी पाहून घ्याव्यात : रक्कम किती, कोणता कागद सादर करायचा, कोणत्या बँकेत कोणत्या गावी सादर करायचा, आणि मुदत कधी संपते. बिलाची देय तारीख ३० जून आणि स्टँडबायची मुदतही ३० जून, असे असेल तर पैसे आले नाहीत हे कळेपर्यंत आधार संपलेला असेल. दोन्ही तारखांत पुरेसे अंतर हवे.

गोड शब्द आणि बांधील शब्द

‘आम्ही पाठीशी आहोत’ हे वाक्य प्रेमाचे आहे. पण ते कोर्टात टिकते का? या बाबतीत इंग्लंडमधील एक खटला व्यापाऱ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

क्लाइनवर्ट बेन्सन ही लंडनची बँक. मलेशिया मायनिंग कॉर्पोरेशन ही मलेशियातील मोठी कंपनी. या कंपनीची एक उपकंपनी लंडनच्या बाजारात कथिलाचा व्यापार करीत होती. बँकेने उपकंपनीला १ कोटी पौंडांपर्यंत पत देताना मूळ कंपनीकडे हमी मागितली. कंपनीने हमी दिली नाही. तिच्याऐवजी दिलाशाचे पत्र दिले. त्यात आशय असा होता की, आमची उपकंपनी तुमचे देणे देण्याच्या स्थितीत सदैव राहील हे पाहण्याचे आमचे धोरण आहे. बँकेने थोडा जादा दर लावून ते पत्र स्वीकारले.

ऑक्टोबर १९८५ मध्ये कथिलाचा बाजार कोसळला. उपकंपनी बुडाली. बँकेने मूळ कंपनीकडे पैसे मागितले. खालच्या कोर्टात बँक जिंकली, पण १९८९ साली अपील कोर्टाने निकाल फिरवला. कोर्टाचे म्हणणे असे की, ‘आमचे धोरण आहे’ हे त्या दिवसाच्या परिस्थितीचे वर्णन झाले. पुढेही धोरण तेच राहील असे वचन त्यात नाही. कंपनीने हमी नाकारली होती, ही गोष्टही बँकेला ठाऊक होती. बँकेचे पैसे गेले.

लंडनच्या बँकेला, तिच्या वकिलांसह, जे वाक्य महागात पडले, ते आपल्याकडील कारागिराला महाग पडले तर नवल नाही. आता पत्रातील पहिले वाक्य पुन्हा पाहा. ‘वुई हॅव ऑलवेज स्टूड बाय अवर स्मॉल सप्लायर्स.’ ‘हॅव स्टूड’ म्हणजे आजवर उभे राहिलो. पुढे उभे राहू, असे त्यात म्हटलेलेच नाही. भूतकाळाचे वाक्य हे चारित्र्याचा दाखला असते, ऑर्डर नसते. दाखला जरूर जपून ठेवावा; पण भोपळे ऑर्डरवर आणावेत.

जामीन राहणे : येथे ‘बाय’ नको

एका मित्राला धीर देण्यासाठी ‘आय विल स्टँड बाय यू’ म्हणणे वेगळे आणि ‘आय विल स्टँड गॅरेंटर फॉर यू’ म्हणणे वेगळे. दुसऱ्या वाक्यात ‘बाय’ नाही आणि त्याचा अर्थ ‘मी तुझा जामीन राहतो’ असा आहे.

आपल्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे हमी लेखीच असली पाहिजे असे नाही, तोंडीही चालते. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानात बसून मित्रासाठी ‘याला माल द्या, याने दिले नाहीत तर मी देईन’ असे म्हणणे ही नुसती शिफारस राहत नाही. चालू खात्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाला कलम १३० ची वाट आहे : धनकोला नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरती हमी मागे घेता येते. झालेल्या व्यवहारांची जबाबदारी मात्र राहते. अशी नोटीस लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

साथ द्यायची की जामीन राहायचे, हे आधी मनाशी ठरवावे. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण पहिलीची किंमत वेळ आणि मेहनत आहे. दुसरीची किंमत रोख रक्कम आहे.

उत्तर कसे लिहावे?

चाचांनी त्या पत्राला पुढीलप्रमाणे उत्तर दिले असते तर नुकसान टळले असते :

‘वुई विल स्टँड बाय अवर कोटेशन अप टू ३० सप्टेंबर.’ – ३० सप्टेंबरपर्यंत आम्ही या भावावर कायम राहू.

‘वुई विल बिगिन वर्क ऑन रिसीट ऑफ युवर रिटन ऑर्डर अँड अ‍ॅडव्हान्स.’ – लेखी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम मिळताच काम सुरू करू.

‘वुई स्टँड बिहाइंड अवर वर्कमनशिप फॉर ट्वेल्व्ह मंथ्स. इफ अ जॉइंट ओपन्स ड्यू टू अवर वर्क, वुई विल रिपेअर ऑर रिप्लेस द इन्स्ट्रुमेंट.’ – बारा महिने आमच्या कारागिरीची जबाबदारी आमची. आमच्या कामामुळे सांधा सुटला तर वाद्य दुरुस्त करू किंवा बदलून देऊ.

‘धिस डज नॉट कव्हर डॅमेज कॉज्ड बाय रूम हीटिंग ऑर ड्राय एअर.’ – खोलीतील हीटर किंवा कोरडी हवा यांमुळे झालेले नुकसान यात येत नाही.

शेवटचे वाक्य कारागिराला सुचेल, वकिलाला सुचणार नाही. थंड मुलखात हिवाळ्यात खोल्या गरम ठेवतात, हवा कोरडी होते आणि लाकूड-भोपळ्याला तडा जाऊ शकतो, हे वाद्य बनवणाऱ्याला ठाऊक असते. आपल्या धंद्यात अशी कोणती गोष्ट आहे ते प्रत्येकाने पाहावे. चामड्याच्या मालाला ओल, रंगीत कापडाला ऊन, लोखंडी मालाला खारी हवा. ‘स्टँड बिहाइंड’ लिहिताना कोणत्या दोषाच्या मागे उभे राहायचे, किती दिवस आणि काय करून द्यायचे, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय वाक्य पुरे झाले असे समजू नये.

आणि लिहिलेले झेपणार नसेल तर लिहू नये. ‘लाइफटाइम गॅरंटी’ हे शब्द छापायला पैसा लागत नाही, पाळायला लागतो.

सराव

गाळलेल्या जागी ‘स्टँड बाय’, ‘स्टँड बिहाइंड’, ‘स्टँड इन फॉर’, ‘बॅक अप’ किंवा ‘बॅक आउट’ यांचे योग्य रूप घाला. मुलांना बरोबर घेऊन बसावे.

१) ‘द ओल्ड डीलर ____ अस इन द बॅड इयर.’

२) ‘वुई ____ अवर स्टिचिंग फॉर सिक्स मंथ्स.’

३) ‘माय ब्रदर विल ____ मी अ‍ॅट द शॉप टुमॉरो.’

४) ‘द लोडर्स आर ____ अ‍ॅट द गोडाऊन.’

५) ‘प्लीज ____ युवर कम्प्लेंट विथ द बिल.’

६) ‘ही प्लेस्ड द ऑर्डर, अँड देन ही ____.’

उत्तरे : १) स्टूड बाय. २) स्टँड बिहाइंड. ३) स्टँड इन फॉर. ४) स्टँडिंग बाय. ५) बॅक अप. ६) बॅक्ड आउट.

सहाही बरोबर आली असतील तर आता एक काम करावे. परदेशी गिऱ्हाइकांची जुनी पत्रे बाहेर काढावीत आणि जेथे जेथे ‘स्टँड’ हा शब्द दिसेल तेथे पेन्सिलीने खूण करून विचारावे : पुढे कोण आहे, काळ कोणता आहे, तारीख आहे का? एखादे वाक्य इतके दिवस आपण उलटे वाचत होतो असे आढळले, तर गिऱ्हाइकाला आजच एक ओळ लिहून विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही. पडून राहिलेल्या मालापेक्षा ती ओळ स्वस्त पडते.